म्युच्युअल फंड निवडताना खर्च कसा तपासायचा

निफ्टी ५० या शेअर निर्देशांकाची नक्कल करणारे दोन इंडेक्स फंड उदाहरणादाखल घ्या. दोघांकडे तेच पन्नास शेअर, त्याच प्रमाणात. एकाचा वार्षिक खर्च ०.२० टक्के आणि दुसऱ्याचा ०.८० टक्के. इथे फंड व्यवस्थापकाच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही, कारण शेअर कोणते घ्यायचे हे निर्देशांकच ठरवतो. बाजार वर जावो की खाली, दुसरा फंड दरवर्षी साधारण ०.६० टक्क्यांनी मागे पडणार, आणि हे पैसे गुंतवण्याआधीच सांगता येतं. फंडाच्या माहितीपत्रकातले बाकीचे बहुतेक आकडे मागे काय झालं ते सांगतात. पुढच्या वर्षी तुमच्या खिशातून किती जाणार हे सांगणारा आकडा खर्चाचाच.

तरीही नवे गुंतवणूकदार तो सगळ्यात शेवटी पाहतात. त्यांचा फारसा दोष नाही, कारण या खर्चाचं बिल कधीच हातात पडत नाही.

पैसे कापले कसे जातात

फंड चालवायला जो खर्च येतो, म्हणजे व्यवस्थापनाची फी, नोंदी ठेवणाऱ्या निबंधकाचा आणि शेअर सांभाळणाऱ्या कस्टोडियनचा खर्च, लेखापरीक्षण, जाहिरात, वितरकाचं कमिशन, तो सगळा मिळून वर्षाला मालमत्तेच्या किती टक्के होतो ते एक्स्पेन्स रेशो सांगतो. कागदोपत्री त्याला टोटल एक्स्पेन्स रेशो किंवा टीईआर म्हणतात. हा वार्षिक दर रोज थोडा थोडा कापला जातो. तुमचे एक लाख रुपये १.८० टक्के खर्चाच्या फंडात असतील, तर वर्षाला सुमारे १,८०० म्हणजे दिवसाला जवळपास पाच रुपये जातात. रोज जाहीर होणारी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, ही कपात झाल्यानंतरची असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फंडाचा जाहीर परतावा खर्च वजा करूनच दिलेला असतो. म्हणून '१४ टक्के परतावा, त्यातून १.८ टक्के खर्च वजा' असा हिशेब करू नका, नाहीतर तोच खर्च दोनदा मोजाल. दुसरी, फंड तोट्यात असला तरी कपात थांबत नाही. बाजार २० टक्के पडला त्या वर्षीही ती चालूच राहते.

एक टक्का दिसतो तेवढा छोटा नसतो

खर्चाआधीचा परतावा वर्षाला १२ टक्के धरू. हा फक्त गणितासाठी घेतलेला आकडा आहे, एवढं मिळेलच असं नाही. एका फंडाचा खर्च अर्धा टक्का, दुसऱ्याचा दीड टक्का. म्हणजे हातात येणारा परतावा अनुक्रमे ११.५ आणि १०.५ टक्के. दोन्हींत महिन्याला ५,००० रुपयांची एसआयपी चालू आहे.

पाच वर्षांनी पहिल्या फंडात सुमारे ४ लाख रुपये होतात आणि दुसऱ्यात सुमारे ३ लाख ९१ हजार. फरक दहा हजारांच्या आसपास. एवढ्यासाठी कशाला डोकं खपवायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण वीस वर्षांनी पहिल्यात सुमारे ४३ लाख ३० हजार आणि दुसऱ्यात सुमारे ३८ लाख ४० हजार रुपये असतात. फरक जवळजवळ ४ लाख ९० हजारांचा. वीस वर्षांत तुम्ही भरलेली रक्कम १२ लाख आहे हे लक्षात घेतलं, की या एका टक्क्याचं वजन कळतं. कापलेले पैसे तर जातातच, शिवाय त्या पैशांनी पुढे जे कमावलं असतं तेही जातं. म्हणून फरक सुरुवातीला नगण्य दिसतो आणि शेवटच्या काही वर्षांत एकदम मोठा होतो.

डायरेक्ट आणि रेग्युलर

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन असतात. रेग्युलर प्लॅन वितरकामार्फत घेतला जातो. त्यातून वितरकाला कमिशन मिळतं, तेही एकदाच नाही, तर तुमचे पैसे फंडात असेपर्यंत दरवर्षी. डायरेक्ट प्लॅनमध्ये मधे वितरक नसतो आणि ते कमिशनही नसतं. शेअर तेच, व्यवस्थापक तोच, जोखीम तीच. फरक फक्त खर्चाचा, आणि इक्विटी फंडांत तो अनेकदा अर्ध्या ते एक टक्क्याच्या घरात असतो.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एनएव्हीवरून. डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही रेग्युलरपेक्षा जास्त दिसते, म्हणून काही जण रेग्युलर 'स्वस्त' समजून घेतात. प्रत्यक्षात डायरेक्टमधून कमी पैसे कापले गेले म्हणूनच तिची एनएव्ही पुढे गेलेली असते. एनएव्ही कमी असली तर युनिट जास्त मिळतील, एवढंच. तुमच्या पैशांची टक्केवारीतली वाढ त्यावर ठरत नाही. नवीन फंडाची एनएव्ही दहा रुपये असते म्हणून तो स्वस्त, ही समजूत याच चुकीतून येते.

आपल्याकडे कोणता प्लॅन आहे हे ओळखणं सोपं आहे. खातेउताऱ्यात योजनेच्या नावातच 'डायरेक्ट' किंवा 'रेग्युलर' लिहिलेलं असतं. उताऱ्यात वितरकाचा एआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, दिसत असेल तर प्लॅन रेग्युलर आहे. छापील अर्ज भरत असाल तर एआरएनच्या चौकटीत 'डायरेक्ट' असं स्पष्ट लिहा. मोबाइल ॲपवर 'शून्य शुल्क' लिहिलेलं दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. काही ॲप ग्राहकाकडून थेट काहीच घेत नाहीत, पण रेग्युलर प्लॅन देऊन कमिशन कमावतात. उलट काही ठिकाणी प्लॅन डायरेक्ट असतो आणि व्यासपीठ वेगळं शुल्क लावतं. पैसे भरण्याआधी योजनेचं पूर्ण नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

मग वितरक नकोच का? असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. केवायसी, नामांकन, घरातल्या कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर युनिट वारसाच्या नावावर करणं, बाजार कोसळल्यावर घाबरून सगळं विकू पाहणाऱ्याला थांबवणं, ही खरी कामं आहेत आणि चांगला वितरक ती मनापासून करतो. मात्र त्याची किंमत रुपयांत माहीत हवी. पाच लाखांवर ०.८ टक्का म्हणजे वर्षाला ४,००० रुपये. तीच गुंतवणूक वाढून पन्नास लाख झाली की काम साधारण तेवढंच राहतं, पण रक्कम वर्षाला ४०,००० रुपये होते. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित खातेउताऱ्यात, ज्याला कॅस म्हणतात, वितरकाला तुमच्या गुंतवणुकीवर किती कमिशन गेलं ते रुपयांत छापलेलं असतं. तो आकडा शोधा आणि त्या बदल्यात वर्षभरात काय मिळालं ते आठवून पाहा. सल्ला हवा पण कमिशनवर चालणारा नको, असं असेल तर सेबीकडे, म्हणजे भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेकडे, नोंदणी असलेल्या गुंतवणूक सल्लागाराला ठरावीक फी देऊन डायरेक्ट प्लॅन घेता येतात.

आधी प्रकार, मग खर्च

खर्चाची तुलना एकाच प्रकारच्या फंडांत करायची असते. अगदी अल्प मुदतीचे रोखे घेणाऱ्या लिक्विड फंडाचा खर्च लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या स्मॉलकॅप फंडापेक्षा कमी आहे म्हणून तो चांगला, या वाक्याला अर्थ नाही, कारण दोघांची कामंच वेगळी. पैसे किती वर्षांनी लागणार आणि मधल्या काळात किती घसरण सोसवेल, यावरून फंडाचा प्रकार ठरवा. खर्चाला किती महत्त्व द्यायचं हे त्यानंतर प्रकारागणिक बदलतं.

इंडेक्स फंडात खर्च जवळजवळ सगळं ठरवतो. एकाच निर्देशांकाच्या फंडांची यादी काढा, डायरेक्ट प्लॅनचे खर्च बाजूबाजूला लिहा आणि सगळ्यात कमी खर्चाचे तीन-चार निवडा. त्यानंतर ट्रॅकिंग डिफरन्स पाहा. निर्देशांकाचा लाभांशासह परतावा आणि फंडाचा परतावा यांतला हा फरक. तो साधारण खर्चाएवढाच असायला हवा. खर्च ०.२० टक्के असून फंड दरवर्षी ०.६० टक्क्यांनी मागे पडत असेल, तर गुंतवणूकदारांचे येणारे-जाणारे पैसे हाताळताना रोकड पडून राहते आहे किंवा निर्देशांकात बदल होतो तेव्हा खरेदी-विक्री नीट होत नाही, असं समजावं. असा फंड वगळा. इथे ०.१८ आणि ०.२१ यांच्यातल्या फरकासाठी मात्र जिवाचा आटापिटा करू नका.

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा खरेदी-विक्री होणारा फंड. त्याचा खर्च आकड्यात बहुधा इंडेक्स फंडापेक्षाही कमी दिसतो, पण ईटीएफ शेअर बाजारातून घ्यावा लागतो. डीमॅट खात्याचं वार्षिक शुल्क, दलाली, आणि खरेदी-विक्रीच्या भावांतली तफावत हे खर्च त्या आकड्यात धरलेले नसतात. रोजची उलाढाल कमी असलेल्या ईटीएफमध्ये ही तफावत इतकी मोठी असू शकते, की वर्षभराची बचत एका खरेदीतच संपते. दर महिन्याला लहान रक्कम घालणाऱ्या नवख्यासाठी साधा इंडेक्स फंडच बरा.

डेट फंडात, म्हणजे रोख्यांत पैसे घालणाऱ्या फंडात, खर्चाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि तिथेच तो सगळ्यात जास्त बोचतो. फंडातल्या रोख्यांचं सरासरी उत्पन्न ७ टक्के आणि खर्च १ टक्का असेल, तर कमाईचा सातवा हिस्सा खर्चातच गेला. शिवाय यात एक छुपा धोका आहे. जास्त खर्चाच्या डेट फंडाला इतरांइतका परतावा दाखवायचा, तर व्यवस्थापकाला कमी पतमानांकनाचे किंवा लांब मुदतीचे रोखे घ्यावे लागतात. म्हणजे खर्च भरून काढण्यासाठी जोखीम वाढते, आणि ती तुमच्या माथी येते. महाग डेट फंडाचा परतावा स्वस्त फंडाएवढा किंवा जास्त दिसला, तर खूश होण्याआधी त्याच्या फॅक्टशीटमध्ये, म्हणजे मासिक माहितीपत्रकात, रोख्यांचं पतमानांकन आणि सरासरी मुदत पाहा. लिक्विड आणि (एका दिवसाच्या मुदतीच्या) ओव्हरनाइट फंडांत तर कमी खर्चालाच सरळ प्राधान्य द्या.

सक्रिय इक्विटी फंडात चित्र थोडं वेगळं असतं. इथे व्यवस्थापक निर्देशांकापेक्षा जास्त कमावून देईन असं सांगतो आणि त्याचे पैसे घेतो. पण कमावून दिलं नाही तरी तो ते पैसे घेतोच. १.७ टक्के खर्चाच्या फंडाला ०.२ टक्के खर्चाच्या इंडेक्स फंडाशी नुसती बरोबरी करायलाही दरवर्षी दीड टक्का जास्त कमवावं लागतं. म्हणून फंडाचा परतावा निर्देशांकाच्या टीआरआय आवृत्तीशी, म्हणजे लाभांश धरून मोजलेल्या निर्देशांकाशी ताडून पाहा. सेबीच्या नियमानुसार फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना हीच तुलना द्यावी लागते. एकाच पाच वर्षांच्या आकड्यावर विसंबू नका. वेगवेगळ्या तारखांपासून सुरू होणारे तीन-चार कालखंड पाहा. सगळ्यात स्वस्त सक्रिय फंडच घ्यावा असा आग्रह नाही, पण आपल्या प्रकारातल्या निम्म्याहून जास्त फंडांपेक्षा महाग असलेला फंड घेण्यासाठी ठोस कारण हवं. 'गेल्या वर्षी पहिला आला' हे ठोस कारण नव्हे.

फंड ऑफ फंड्स घेताना खर्चाचे दोन थर असतात. वरच्या फंडाचा वेगळा आणि तो ज्या फंडांत पैसे घालतो त्यांचा वेगळा. जाहिरातीत अनेकदा वरचाच आकडा ठळक असतो. परदेशी बाजारात आणि सोन्यात गुंतवणारे बरेच फंड या साच्याचे असतात, तेव्हा दोन्ही आकड्यांची बेरीज करूनच तुलना करा.

सेबीची मर्यादा आणि फंडाचा आकार

फंडाला वाटेल तेवढा खर्च लावता येत नाही. एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या रचनेत ओपन-एंडेड (कधीही पैसे घालता-काढता येणाऱ्या) इक्विटी योजनेच्या पहिल्या ५०० कोटी रुपयांवर २.२५ टक्के, पुढच्या २५० कोटींवर २ टक्के, त्यापुढच्या १,२५० कोटींवर १.७५ टक्के, नंतरच्या ३,००० कोटींवर १.६० टक्के आणि पुढच्या ५,००० कोटींवर १.५० टक्के अशी उतरती मर्यादा होती. ५०,००० कोटींच्या वरच्या भागावर ती १.०५ टक्क्यांपर्यंत खाली येत असे. हे थर एकत्र केले, तर २,००० कोटींच्या फंडाची कमाल मर्यादा सुमारे १.९१ टक्के आणि १०,००० कोटींच्या फंडाची सुमारे १.६१ टक्के येते. लहान फंड महाग आणि मोठे स्वस्त दिसतात, त्यामागे बऱ्याच अंशी हे गणित असतं. मर्यादा वेळोवेळी बदलतात, पण मालमत्ता वाढेल तसा दर उतरावा हे तत्त्व तेच आहे. तुमच्या फंडाची मालमत्ता काही वर्षांत कित्येक पट वाढली आणि खर्च तसूभरही उतरला नाही, तर हा फायदा तुमच्यापर्यंत पोचलेला नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने मंजूर केलेल्या नव्या चौकटीत फंडाचा मूळ खर्च आणि त्यावरचे सरकारी कर वेगळे मोजण्याची पद्धत आणली आहे. म्हणून दोन फंडांचे आकडे ताडताना दोन्ही मूळ खर्चाचे आहेत की दोन्ही करांसह एकूण आहेत, हे आधी पाहा. एक असा आणि एक तसा घेतलात तर तुलना फसते.

खर्चाच्या आकड्यात न दिसणारे पैसे

एक्झिट लोड हा मुदतीआधी पैसे काढल्यावर लागतो. अनेक इक्विटी फंडांत तो एका वर्षाच्या आत काढल्यास १ टक्का असतो, म्हणजे ५०,००० रुपयांवर ५०० रुपये. एसआयपीत प्रत्येक हप्त्याची मुदत त्या हप्त्याच्या तारखेपासून मोजतात. एसआयपी सुरू करून तेरा महिने झाले म्हणजे सगळी रक्कम मोकळी झाली असं होत नाही, तेव्हा फक्त सुरुवातीचे एक-दोन हप्ते मोकळे असतात. लिक्विड फंडात सात दिवसांच्या आत पैसे काढल्यास अगदी किरकोळ लोड लागतो. पूर्वी फंडात शिरतानाही पैसे कापले जात. तो एंट्री लोड सेबीने ऑगस्ट २००९ पासून बंद केला, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क जातं, दहा हजारांवर पन्नास पैसे. त्याची काळजी करण्यात वेळ घालवू नका.

आकडा शोधायचा कुठे

फंड कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक योजनेचा खर्च रोजच्या रोज द्यावा लागतो, आणि फंडांची संघटना असलेल्या ॲम्फीच्या संकेतस्थळावर सगळ्या कंपन्यांचा खर्च एका ठिकाणी मिळतो. मासिक फॅक्टशीटमध्येही तो असतो. ॲपवर दिसणारा आकडा कधी जुना असतो, कधी दुसऱ्याच प्लॅनचा असतो. निर्णय घेण्याआधी तो मूळ ठिकाणी पडताळा. फक्त आजचा आकडा न पाहता मागच्या वर्षी-दोन वर्षांतले आकडेही काढा. काही नवे फंड सुरुवातीला डायरेक्ट प्लॅनचा खर्च फार कमी ठेवतात आणि पैसा जमा झाला की वाढवतात.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जायचं असेल तर

घाईघाईने सगळं एका दिवसात हलवू नका. त्याच योजनेच्या एका प्लॅनमधून दुसऱ्यात जाणं हे कराच्या दृष्टीने विकणं आणि नव्याने घेणं असतं. एक्झिट लोडही लागू शकतो.

आधी रेग्युलरची एसआयपी बंद करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करा. इथे कर नाही, लोड नाही, आणि पुढचा प्रत्येक हप्ता लगेच कमी खर्चात जातो. मग जुने युनिट पाहा. इक्विटी फंडात एक वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. त्यानंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतो, पण आर्थिक वर्षात एकूण सव्वा लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त आहे. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. समजा तीन लाखांचे चार लाख झाले आहेत, सगळे युनिट वर्षाहून जुने आहेत आणि त्या वर्षी दुसरा दीर्घकालीन नफा नाही. तर एक लाखाच्या नफ्यावर कर शून्य, आणि खर्चातला फरक १ टक्का असेल तर वर्षाला सुमारे ४,००० रुपये वाचायला सुरुवात होते. नफा सव्वा लाखाच्या वर जात असेल तर थोडे युनिट मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये हलवा, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची सवलत मिळते. ईएलएसएसमधले, म्हणजे कर वाचवणाऱ्या इक्विटी फंडांतले, युनिट तीन वर्षांची मुदत संपल्याशिवाय हलवता येत नाहीत. ज्यांना वर्ष झालेलं नाही असे युनिट थांबवून ठेवा. विक्रीत सर्वांत जुने युनिट आधी जातात, त्यामुळे अर्ज करताना रकमेऐवजी युनिटची संख्या लिहा, तीही वर्ष पूर्ण झालेल्या युनिटांपुरतीच. डायरेक्टमध्ये गेलेल्या युनिटांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. वर्षाच्या आत पैसे लागणार असतील तर तेवढे हलवू नका.

त्यानंतर वर्षातून एकदा खर्च तपासला की पुरे. फंड कंपनी खर्चाचा दर बदलते तेव्हा तशी सूचना ईमेल किंवा एसएमएसने येते, ती न वाचता पुसू नका. सक्रिय फंडात ०.०५ टक्क्याची वाढ झाली तर काही करण्याची गरज नाही. पण इंडेक्स फंडाचा खर्च ०.२० वरून ०.४५ झाला असेल आणि त्याच निर्देशांकाचा दुसरा फंड ०.२० मध्ये मिळत असेल, तर पुढचे हप्ते तिकडे वळवा आणि जुन्या युनिटांचा निर्णय वरच्याच करगणिताने घ्या.